रस्त्यात जमीन जातेय? मोबदल्याचा हिशेब आधी स्वतः मांडा

कोतवाल नोटीस देऊन गेला की घरात पहिला प्रश्न पडतो, "एकरी किती देणार?" दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याची पाच उत्तरं तयार असतात. कुणी पन्नास लाख सांगतं, कुणी पाच, आणि एखादा पाहुणा म्हणतो की त्याच्या सासुरवाडीला चौपट मिळाले. हे सगळं ऐकून घ्या, पण वहीत काही लिहू नका.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या रानातून रस्ता गेला, तेव्हा आम्हीही निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशाची, वाट बघत बसलो होतो. मोबदल्याचा आकडा निवाड्यात लिहिला जातो हे खरं, पण तो ठरतो त्याच्या बराच आधी. एकदा संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर, आणि दुसऱ्यांदा खरेदीखतांच्या तक्त्यात. या दोन्ही वेळी आम्ही जागेवर नव्हतो. तुम्ही असावं, म्हणून हे लिहितोय.

नोटीस कोणत्या कायद्याची?

नोटिशीवर वरच्या बाजूला कायद्याचं नाव आणि कलम छापलेलं असतं. तिथूनच सगळ्या मुदती बदलतात, त्यामुळे आधी ते बघा.

धरण, कालवा, साठवण तलाव असल्या कामाला बहुतेक वेळा २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा, म्हणजे कलम ३-ए ची अधिसूचना आणि हरकतीला फक्त २१ दिवस. रेल्वेला १९८९ चा रेल्वे कायदा, तिथे ३० दिवस. शक्तिपीठसारख्या राज्याच्या महामार्गांना राज्याचा स्वतःचा महामार्ग कायदा आहे. सोलापूर जिल्ह्यात हे सगळे प्रकार एकाच वेळी चालू असतात. पालखी मार्ग झाला, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम निघालं, सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत झाली. त्यामुळे शेजारच्या गावच्या माणसाचा अनुभव तुमच्या कामी येईलच असं नाही. त्याची जमीन कालव्यात गेली असेल आणि तुमची महामार्गात.

एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखी आहे. महामार्ग आणि रेल्वेच्या संपादनालाही मोबदला मोजायची २०१३ च्या कायद्याची पद्धत १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाली आहे. म्हणजे कायदा कोणताही असो, हिशेब जवळपास एकच.

अधिसूचनेची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बाजारभाव त्या तारखेचा धरतात, आज जमिनीला काय भाव आहे त्याचा नाही. त्या तारखेनंतर लावलेली झाडंही मोजत नाहीत. काही लोक रातोरात डाळिंबाची रोपं खोचतात. अधिसूचनेच्या सुमाराला ड्रोनने काढलेलं चित्रीकरण असतं, उपग्रहाची चित्रं असतात. असली बाग तर धरत नाहीतच, आणि खऱ्या बागेकडेही मग संशयाने बघतात. त्या फंदात पडू नका.

कागद

सातबारा, आठ-अ, फेरफार आणि गटनकाशा काढा. सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघा. नाव तुमचंच आहे का, की अजून आजोबांचं? वारसनोंद राहिली असेल तर आजच तलाठ्याकडे अर्ज टाका. निवाड्यात नाव नसलं की रक्कम पडून राहते, आणि भावकीत वाद निघाला की थेट कोर्टात जमा होते. दुसरं, भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, इनाम किंवा वतनाची जमीन असेल, तर मोबदल्यातून नजराणा, म्हणजे सरकारचा वाटा, कापला जाऊ शकतो. त्याचा खुलासा आधीच मागून घ्या. तिसरं, सोसायटीचा बोजा. कर्ज कधीच फिटलेलं असतं आणि बोजा तसाच राहिलेला असतो. सोसायटीचा दाखला आणून तो कमी करून घ्या.

आता पीकपाहणी. आमच्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं 'ज्वारी, जिरायत' अशी नोंद होती, आणि रानात ऊस उभा होता. कुणी बदलून घेतलीच नाही. ज्वारीला शेतसारा कमी, मग कशाला हलवा, असा आमच्या अण्णांचा हिशेब. त्या वाचलेल्या सारापट्टीची किंमत आम्हाला पुढे कळली. बागायत आणि जिरायत यांचे दर वेगळे असतात, आणि अधिकारी आधी कागद बघतो. ऊस उभा असूनही नोंद नसेल तर कारखान्याची ऊसबिलं, मोटारीची वीजबिलं, ठिबकच्या अनुदानाचा कागद, मोबाइलवर केलेली ई-पीक पाहणी, जे सापडेल ते गोळा करा.

संयुक्त मोजणीचा दिवस

इथे जरा थांबून वाचा.

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा भूकरमापक येतो, ज्यांच्यासाठी जमीन घेतात त्या खात्याचा माणूस येतो, तलाठी येतो. मशीन लावतात, चुन्याची फक्की मारतात, खांब ठोकतात. त्याबरोबर तुमच्या गटात काय काय आहे त्याचा पंचनामा होतो. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, फळझाडं, बांधावरची झाडं, तारेचं कुंपण. या कागदावर जे चढलं त्याचेच पैसे मिळतात. जे राहिलं ते नंतर चढवायला महिने जातात.

आमच्याकडे मोजणीला माणसं आली त्या दिवशी अण्णा सांगोल्याला बारशाला गेले होते. मी पुण्यात. घरी आई, आणि बांधावर एक गडी. आमची विहीर बांधाच्या कोपऱ्यात, कडेने बाभळी माजलेल्या, लांबून दिसत नाही. आणि सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. मोजणीवाल्याने विचारलं, "विहीर हाय का?" गडी म्हणाला, "मालकास्नी इचारा." पंचनाम्यावर लिहिलं गेलं, 'विहीर – निरंक'. साठ फूट खोल, दगडी बांधकामाची विहीर एका शब्दात निरंक झाली. गड्याला दोष देता येत नाही, त्याला कुणी काही सांगून ठेवलेलंच नव्हतं.

दुरुस्ती झाली. वीजबिलं, फोटो आणि शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लावून फेरपाहणीचा अर्ज दिला. चार महिन्यांनी माणूस आला. विहीर चढली, पण जमिनीखालची पाइपलाइन राहिली ती राहिलीच, कारण तोवर तिच्यावर मुरूम पडला होता.

तेव्हा तुम्ही असं करा. मोजणीच्या आधीच रानात फिरून स्वतःची यादी बनवा. झाडं जातीनुसार मोजा आणि वयही लिहा, कारण दोन वर्षांचं डाळिंब आणि सात वर्षांचं डाळिंब यांच्या मूल्यात फार फरक पडतो. पाइपलाइन किती फूट, किती इंची, कुठून कुठे जाते ते काढा, आणि दोन ठिकाणी उकरून दाखवायची तयारी ठेवा. लोकेशन आणि तारीख दिसेल असे फोटो काढा. यादीच्या दोन प्रती करा. एक मोजणीवाल्याच्या हातात द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच कागद त्याच आठवड्यात प्रांत कार्यालयाच्या आवक विभागात देऊन शिक्का घ्या.

कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. "साहेब घाईत हायती, नंतर भरतो," असं म्हणतील. तुमच्या सहीखाली काय भरलं जाईल, ते तुम्हाला दिसायला हवं.

पुढे या यादीतल्या वस्तूंचं मूल्यांकन वेगवेगळी खाती करतात. फळझाडं कृषी खात्याकडे, सागासारखी झाडं वन खात्याकडे, बांधकाम बांधकाम खात्याकडे. एकाच खात्याचा अहवाल अडकला तरी सगळा निवाडा थांबतो, म्हणून कोणाकडून काय यायचंय ते अधूनमधून विचारत राहा.

बाजारभाव कसा काढतात

२०१३ च्या कायद्याचं कलम २६ सांगतं की सरकारी कामासाठी दोन आकडे काढायचे आणि जो जास्त तो धरायचा. पहिला आकडा रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला वार्षिक दर. दुसरा, जवळपासच्या तशाच जमिनीच्या खरेदीखतांची सरासरी. ही सरासरी साधी नसते. अधिसूचना ज्या वर्षी निघाली त्याच्या आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घ्यायची, चढत्या भावाने लावायची, आणि त्यातल्या वरच्या निम्म्या खतांचीच सरासरी काढायची.

उदाहरण घेऊ. समजा तीन वर्षांत सहा खतं झाली. भाव दर आरला, म्हणजे जवळपास दर गुंठ्याला, ९,०००, ११,०००, १२,०००, १५,०००, १८,००० आणि २१,००० रुपये. सहांची साधी सरासरी येते १४,३३३. पण कायदा म्हणतो वरची तीन घ्या, म्हणजे १५, १८ आणि २१ हजार. सरासरी १८,०००. रेडीरेकनर १०,५०० असेल, तर धरायचा आकडा १८,०००.

आता तो खरेदीखतांचा तक्ता मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि 'मूल्यांकन अहवालाची व विचारात घेतलेल्या खरेदीखतांच्या यादीची प्रत' असे शब्द लिहा. दुसरीकडे दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून तुमच्या आणि लगतच्या गावांच्या सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या खतांचे गोषवारे, काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. आमच्या तक्त्यात एक खत सख्ख्या भावांतलं होतं, मायेपोटी कमी दाखवलेलं. आणि रस्त्यालगतच्या गटाचं चांगल्या भावाचं खत गायब होतं. खऱ्या बाजारभावाचं चित्र न दाखवणारं खत अधिकाऱ्याला वगळता येतं, पण ते दाखवून द्यावं लागतं. हरकत लेखी द्या. गट नंबर, खत नंबर आणि तारीख घाला. जुन्या एखाद्या संपादनात कुणाला किती मिळाले तो आकडा इथे चालत नाही, म्हणून पाहुण्याच्या चौपटीचा उल्लेखही करू नका.

इथेच आपल्या भागाची जुनी सवय आडवी येते. व्यवहार वीस लाखांचा, खतात रेडीरेकनरएवढे आठ, बाकीचे 'वरचे' रोखीत. मुद्रांक वाचला म्हणून दोघंही खूश. पाच वर्षांनी रस्ता येतो, आणि तेच आठ लाख सगळ्या गावाच्या मोबदल्याचा पाया होतात. हे करणारा एकटा असतो, पण भोवतं अख्ख्या शिवाराला. झालेल्या खतांचं काही करता येत नाही. पण खरा भाव लिहिलेलं एखादं खत जवळपास सापडलं, तर ते हुडकून काढणं हे तुमचं सगळ्यात मोलाचं काम.

पुढचा हिशेब

समजा ४० आर जमीन गेली. ४० गुणिले १८,००० म्हणजे ७,२०,०००. याला गुणक लागतो. ग्रामीण भागासाठी हा गुणक १ ते २ च्या दरम्यान राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं, आणि प्रकल्पाच्या प्रकारानुसार तो वेगळा असू शकतो. तुमच्या निवाड्यात कोणता लावलाय आणि कोणत्या अधिसूचनेने, हे नेमकं विचारा. गुणक २ असेल तर १४,४०,००० झाले. यात विहीर, झाडं, पाइपलाइन मिळवा, समजा ३,६०,०००. एकूण १८,००,०००. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढेच आणखी. झाले ३६,००,०००.

शिवाय १२ टक्के अतिरिक्त रक्कम. ही मूळ बाजारभावावर, ७,२०,००० वर, आणि अधिसूचनेपासून (२०१३ च्या कायद्यात कलम ४ च्या, म्हणजे सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून) निवाडा किंवा ताबा यांतलं जे आधी होईल तोवर. दीड वर्ष धरलं तर १,२९,६००. सगळे मिळून ३७,२९,६००.

आता दोन चुका काय करतात बघा. गुणक २ ऐवजी १ लागला तर हाच आकडा २२,८९,६०० होतो, म्हणजे १४ लाख ४० हजारांनी खाली. आणि सहाही खतांची साधी सरासरी धरली, तर गुणक २ असूनही फक्त जमिनीच्या आणि दिलाशाच्या रकमेत ५ लाख ८६ हजारांहून जास्त कमी येतात. विहीर 'निरंक' लिहिली गेली, तर तिची किंमत जाते आणि तेवढाच दिलासाही जातो. पंचनाम्यातला प्रत्येक रुपया दुप्पट होऊन येतो, किंवा दुप्पट होऊन जातो.

उभ्या पिकाची नासाडी, आणि रस्त्याने रानाचे दोन तुकडे झाल्यामुळे उरलेल्या जमिनीचं होणारं नुकसान, हेही कलम २८ खाली मागता येतं. बहुतेक लोक ते मागतच नाहीत.

थेट खरेदी की निवाडा?

राज्याच्या काही प्रकल्पांत सरकार थेट वाटाघाटीने खरेदी करतं आणि हिशेबाने निघालेल्या रकमेवर २५ टक्के जास्त देतं. पैसे लवकर मिळतात. पण एकदा खरेदीखत करून दिलं की पुढे वाढीव मोबदल्यासाठी दार बंद. मूळ आकडा बरोबर असेल तर २५ टक्के चांगलेच. मूळ आकड्यातच विहीर नसेल आणि खतं चुकीची असतील, तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मग संमती द्या.

रक्कम घेताना

निवाडा हातात आला की आपला हिशेब शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा. क्षेत्र, प्रकार, दर, गुणक, वस्तू, दिलासा, १२ टक्के. बेरजेच्या चुकाही सापडतात.

पैसे नाकारू नका. नाकारले म्हणून रस्ता थांबत नाही, ते जमा होऊन पडतात. पण पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा : 'वाढीव मोबदला मागण्याचा हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम स्वीकारत आहे.' २०१३ च्या कायद्यात हे एक वाक्य नसेल तर नंतर दाद मागता येत नाही. छापील हमीपत्रात 'मोबदला पूर्णतः मान्य आहे' अशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय सही करू नका. कार्यालयातला कुणी म्हणेल, "असं लिहिलं तर चेक थांबतो." थांबत नाही. निषेध नोंदवून पैसे घ्यायचा हक्क कायद्यानेच दिलाय.

दाद मागायची मुदत थोडकी आहे. २०१३ च्या कायद्यात कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यायचा. निवाडा तुमच्यासमोर झाला असेल तर सहा आठवड्यांत. नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल तोवर. महामार्गाच्या बाबतीत केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जावं लागतं, कलम ३-जी (५). तिथेही रेंगाळू नका. तुम्ही अर्ज केला नाही आणि त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला अशा अर्जांचा निकाल देणाऱ्या प्राधिकरणाने वाढ दिली, तर २०१३ च्या कायद्यात त्या निकालापासून तीन महिन्यांत तुम्हालाही तेवढी वाढ मागता येते. म्हणून गावातल्या केसांवर लक्ष ठेवा.

वकील टक्केवारीवर घेऊ नका, ठरावीक फीवर बोला. गावोगाव फिरून "दहा टक्क्यांत वाढवून आणतो" म्हणणारे एजंट भेटतील. ते कोरे मुखत्यारपत्र मागतात. चहा पाजा आणि वाटेला लावा.

२०१३ च्या कायद्याच्या निवाड्यातल्या मोबदल्यावर आयकर लागत नाही, कलम ९६. उशिरा मिळालेल्या मोबदल्यावरच्या व्याजाचं वेगळं आहे, त्यासाठी सोलापुरात एखाद्या सीएला गाठा.

ताबा दिल्यानंतर

रस्ता झाला, पैसे आले, म्हणजे काम संपलं असं वाटतं. उरलेल्या जमिनीची मोजणी करून घ्या आणि कमी-जास्त पत्रक, म्हणजे क.जा.प., होऊन सातबारा दुरुस्त झाला का ते बघा. नाही तर बँकेत कर्जाला गेलं की गेलेलं क्षेत्रही तुमच्याच नावावर दिसतं आणि घोळ होतो.

आमचे तीन गुंठे रस्त्याच्या पलीकडे राहिले. तिकोनी तुकडा, पाणी पोचत नाही, ट्रॅक्टर वळत नाही. तुकड्याच्या नुकसानीचा अर्ज आम्ही टाकलाच नव्हता, कारण तसा अर्ज असतो हेच माहीत नव्हतं. अण्णा तिथे हुलगे टाकतात, आणि खुरपणीला जायचं तर दोन किलोमीटर पुढच्या बोगद्यातून वळसा घालून जातात.